राग खरा, पत्ता चुकलेला

३१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या मोठ्या शहरांत स्थलांतराच्या विरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या प्रचारपत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. ग्रीक आणि इटालियन लोक शंभर वर्षांत जितके आले त्याहून अधिक भारतीय पाच वर्षांत आले, असा त्याचा आशय होता. त्या आठवड्यात पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन आले आणि “तो देश पूर्वीचा राहिला नाही, परत या” असा सल्लाही मिळाला. फोनवर मी सगळ्यांना “काळजी करू नका” एवढेच सांगितले, कारण जे सांगायचे होते ते फोनवर मावणारे नव्हते.

इथल्या सामान्य माणसाच्या मनात राग साचलेला आहे, तो खरा आहे आणि बऱ्याच अंशी रास्तही आहे, असे माझे मत आहे. फक्त ज्यांच्यामुळे तो साचला त्यांच्या दारात तो जात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली आहे.

मतदानाची यंत्रणा या देशाइतकी नीटस मी कुठे पाहिलेली नाही, हे आधीच सांगतो. केंद्रीय निवडणुकीत १९२४ पासून मतदान सक्तीचे आहे, सबळ कारणाशिवाय ते चुकवल्यास वीस डॉलर दंड होतो, मतदान शनिवारीच असते आणि शाळेच्या आवारातून मत देऊन बाहेर पडताना पावातला सॉसेज खाण्याची प्रथा इथे एखाद्या सणासारखी पाळली जाते. त्यातच १९१८ पासून पसंतीक्रमाची पद्धत आहे, म्हणजे मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांपुढे क्रमांक लिहायचे आणि मागे पडलेल्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे वळायची. मे २०२५ मध्ये मजूर पक्षाला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या, पण पहिल्या पसंतीची मते होती सुमारे ३५ टक्के. यात गैर काही नाही, पद्धतच तशी आहे. मात्र जवळजवळ तीनांतल्या एका मतदाराने मजूर पक्ष किंवा लिबरल-नॅशनल आघाडी या दोन मोठ्यांपैकी कोणालाच पहिली पसंती दिली नाही, ही बाब विजयाच्या गुलालात कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्याआधी, २०१० ते २०१८ या काळात, रड, गिलार्ड, ॲबट आणि टर्नबुल हे चार पंतप्रधान त्यांच्याच पक्षांच्या खासदारांनी पदावरून उतरवले होते. मतदाराने एकाला निवडावे आणि सकाळी उठून टीव्हीवर दुसऱ्याला पाहावे, हे त्याच्या अंगवळणी पडले, आणि विश्वासाला पहिली चीर तिथेच गेली असावी.

पण मला अधिक चीड आहे ती दोन निवडणुकांच्या मधल्या काळात जे घडते, किंवा घडत नाही, त्याची. जुगाराचेच उदाहरण घ्या. दरडोई हिशेबाने जगात सर्वाधिक पैसे ऑस्ट्रेलियन माणूस जुगारात हरतो. वर्षाकाठी २५ अब्ज डॉलरहून अधिक. क्लबांमधली ‘पोकी’ म्हणजे पैसे टाकून खेळायची जुगारयंत्रे जुनीच आहेत, पण गेल्या काही वर्षांत सट्टा खिशातल्या फोनमध्ये आला आणि त्याच्या जाहिराती घराच्या दिवाणखान्यात आल्या. थेट प्रक्षेपणाच्या वेळी संध्याकाळी साडेआठपर्यंत या जाहिरातींना मनाई आहे, असा नियम २०१८ मध्ये आला. आता फूटीचा, म्हणजे इथल्या फुटबॉलचा, रात्रीचा सामना सुरू होतो साडेसातच्या आसपास, म्हणजे सामना निम्म्यावर आला, मुले अजून जागीच आहेत आणि घड्याळात साडेआठ झाले की मध्यंतरात जाहिरातींचे दार उघडते. जाहिरातीच्या शेवटी “शक्यता हीच, की तुम्ही हरणार आहात” अशा अर्थाची सक्तीची सूचना इतक्या घाईने उरकली जाते, की तिच्याआधीचे हसणारे मित्र आणि बिअरचे ग्लास तेवढे लक्षात राहतात. माझ्या ओळखीतला एक बारा वर्षांचा मराठी मुलगा, ज्याच्या आजोबांनी जन्मात पत्त्यांवरही पैसे लावले नाहीत, न्याहारीच्या टेबलावर सांगत होता की आज कॉलिंगवूड या फूटी संघाला एक पॉइंट साठचा भाव आहे. कोण जिंकेल, असे तो म्हणत नव्हता. थेट भावच सांगत होता. त्याच्या आईला आधी ते गणित वाटले.

या प्रश्नावर संसदेच्या समितीने जून २०२३ मध्ये अहवाल दिला. मजूर पक्षाच्या खासदार पीटा मर्फी तिच्या अध्यक्ष होत्या, ३१ शिफारशी होत्या आणि समितीत सर्व बाजूंचे सदस्य असूनही अहवाल एकमताचा होता. ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती टप्प्याटप्प्याने तीन वर्षांत पूर्ण बंद कराव्यात, ही त्यातली मुख्य शिफारस. मर्फी स्वतः कर्करोगाशी झुंजत काम करत होत्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. सर्व पक्षांनी त्यांना मनापासून श्रद्धांजली वाहिली. बंदी मात्र मे २०२५ च्या निवडणुकीपर्यंत आली नाही. पूर्ण बंदीऐवजी तासाला दोन जाहिरातींची मर्यादा घालावी, असा विचार २०२४ मध्ये सरकारकडून पुढे आला, आणि मोफत दूरचित्रवाहिन्या आधीच संकटात असल्यामुळे त्यांना हा पैसा लागतो, अशी बाजू एका ज्येष्ठ मंत्र्याने मांडली. क्रीडा संघटनांनाही सट्ट्यातून वाटा मिळतो, आणि बहुतेक ऑनलाइन कंपन्यांना जिथून परवाना मिळतो त्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतालाही महसूल मिळतो. एवढ्या सगळ्यांचे भागवून झाल्यावर त्या बारा वर्षांच्या मुलाचा क्रमांक लागणार कधी?

माध्यमांबद्दलची माझी तक्रार इथूनच सुरू होते. ब्रिस्बेन, ॲडलेड, होबार्ट आणि डार्विन या चार राजधान्यांत शहराचे एकच मोठे दैनिक आहे आणि चारही ठिकाणी ते मर्डॉक कुटुंबाच्या न्यूज कॉर्पचे आहे. सिडनी आणि मेलबर्नला दुसरे वृत्तपत्र आहे खरे, पण फेअरफॅक्स कंपनीची ती जुनी वृत्तपत्रे २०१८ मध्ये नाइन या दूरचित्रवाणी कंपनीत विलीन झाली. म्हणजे जुगाराच्या जाहिराती घेणारी वाहिनी आणि त्याविरुद्ध लिहू शकणारे वृत्तपत्र एकाच मालकाकडे. तिथल्या वार्ताहरांनी या विषयावर धीटपणे लिहिलेले आहे, ते श्रेय मी नाकारत नाही. पण मालकीचे हे कडबोळे पाहून माजी पंतप्रधान केविन रड यांनी २०२० मध्ये चौकशी आयोगाची मागणी केली, पाच लाखांहून अधिक लोकांनी तिच्यावर सह्या केल्या आणि आयोग काही नेमला गेला नाही. सह्या करणाऱ्यांनी यातून काय समजायचे?

सरकार आणि माध्यमे एकत्र आली की काय होते, हे सरकारच्या रोबोडेट या वसुली योजनेच्या प्रकरणात उघडे पडले. सरकारी भत्ता घेणाऱ्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न करखात्याकडून घ्यायचे, त्याला सव्वीसने भागायचे आणि प्रत्येक पंधरवड्याला तेवढीच कमाई झाली असे गृहीत धरून “तुम्ही जास्त भत्ता घेतला, परत करा” अशी नोटीस पाठवायची. ज्याने चार महिने काम केले आणि आठ महिने घरी बसून काढले, तो या भागाकारात आपोआप लबाड ठरत असे, आणि तो लबाड नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. चार लाखांहून अधिक लोकांना याची झळ बसली. काहींनी वृत्तपत्रांकडे दाद मागितली, तेव्हा तक्रार करणाऱ्याची खासगी माहिती मंत्र्याच्या कार्यालयातून पत्रकारांना पुरवली गेली. हे या योजनेच्या चौकशी आयोगापुढे आले आहे, माझ्या मनचे नाही. आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला, आणि सहा जणांची प्रकरणे नव्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे गेली असता, जून २०२४ मध्ये त्या आयोगाने चौकशी न करण्याचे ठरवले. पुढे त्या निर्णयावरच ठपका आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चौकशी करायचे ठरले. तोवर लोकांच्या मनाची दारे बंद झाली होती.

आता घरांकडे येतो, कारण मोर्चांचा उगम माझ्या समजुतीप्रमाणे तिथे आहे. भाड्याने दिलेल्या घरात तोटा झाला तर तो आपल्या पगारातून वजा करून कर वाचवायचा, आणि १९९९ पासूनच्या सवलतीप्रमाणे घर विकल्यावर नफ्याच्या निम्म्यावरच कर भरायचा, या दोन तरतुदींनी इथे घराचा सट्टा केला आहे. मजूर पक्षाने त्या आवळण्याचे वचन देऊन २०१६ आणि २०१९ च्या निवडणुका लढवल्या, दोन्ही हरला आणि २०२१ मध्ये तो विषयच गुंडाळून ठेवला. शनिवारी भाड्याचे घर पाहायला गेलात तर फुटपाथवर रांग असते. त्या रांगेतल्या पंचविशीतल्या स्थानिक मुलीला करकायदा दिसत नाही. तिला पुढे उभे असलेले, पगाराच्या पावत्यांची फाइल घेऊन आलेले भारतीय जोडपे दिसते. संध्याकाळच्या बातम्यांतही रांगच दाखवतात. त्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये विरोधी पक्षाच्या एका सिनेटर बाईंनी भारतीयांना मजूर पक्षाच्या मतांसाठी आणले जाते असे सुचवले, आणि वाद वाढल्यावर त्यांना पक्षाच्या पहिल्या फळीतून जावे लागले.

या खेळात आपण निव्वळ सोसणारे आहोत, असे आपल्या मंडळींनी कृपया समजू नये. हळदीकुंकवापासून वाढदिवसापर्यंत कोणत्याही मराठी जमावात पहिल्या दहा मिनिटांत “दुसरी प्रॉपर्टी घेतली का?” हा प्रश्न येतो, आणि तोटा दाखवून कर कसा वाचवावा हे सांगणारा अनुभवी गृहस्थ पोह्यांची बशी हातात घेऊन तयारच असतो. कायद्यात बसते ते करावे, माझी हरकत नाही. पण त्याच गृहस्थांनी अर्ध्या तासाने “या गोऱ्या मुलांना कष्ट नकोत, म्हणून यांना घरे मिळत नाहीत” असे म्हणावे, हे मला ऐकवत नाही.

मूल्ये बदलली म्हणून कुरकुरणाऱ्यांशी माझे अर्धेच जमते. २०१७ च्या टपाली सर्वेक्षणात ६१.६ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला, तेव्हा आमच्यातल्या काहींना संस्कृती बुडाल्यासारखे वाटले. मला तो या देशाचा मोठेपणा वाटला. खंत वाटली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. इथल्या मूळ रहिवाशांना संसदेपुढे बाजू मांडण्यासाठी घटनेत एक सल्लागार मंडळ द्यायचे की नाही, यावर सार्वमत झाले आणि सुमारे साठ टक्क्यांनी, सहाही राज्यांनी, नकार दिला. विरोध करण्याची सबळ कारणे होती आणि ती मी वाचली होती. पण प्रचारात जी घोषणा सर्वांत चालली ती होती, “माहीत नसेल तर नाही म्हणा”. माहीत करून घ्या, असे सांगणारा आवाज त्या गदारोळात क्षीण पडला.

दर दिवाळीला आणि गणेशोत्सवाला सर्व पक्षांचे खासदार कुर्ता घालून येतात, “नमस्ते” म्हणतात, आपल्या कष्टाळूपणाचे कौतुक करतात, मोदक खातात आणि आपण त्यांच्यासोबत फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकतो. यंदा आमच्या भागातले खासदार मंचावरून उतरले, की जुगाराच्या जाहिरातींवर त्यांनी पक्षाच्या बैठकीत काय भूमिका घेतली हे मी त्यांना विचारणार आहे, असे मी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले होते. कार्यकारिणीचे उत्तर आले आहे: कार्यक्रम सांस्कृतिक आहे, राजकारण नको. कार्यक्रमाच्या पत्रिकेत प्रायोजकांच्या यादीत एक घरविक्रीची कंपनी पहिल्या क्रमांकावर आहे.