कणा मोडतोय, काका!

गेल्या मंगळवारी दंतवैद्याच्या दवाखान्यात माझा अपमान झाला आणि त्या अपमानाशी दाढेचा काडीचाही संबंध नव्हता. दाढ आपले काम चोख बजावत होती, म्हणजे ठणकत होती. तिच्यावरून लक्ष उडावे म्हणून मी सुपरमॅनचा एक जुना अंक बरोबर नेला होता. तो पाठपोट दुमडून एका हातात धरला होता आणि दुसऱ्या हाताचे बोट जिभेला लावून मी पाने उलटत होतो. वाचन याच पद्धतीने करायचे असते, अशी पन्नाशी उलटेपर्यंत माझी समजूत होती.

"काका, कणा!" शेजारच्या खुर्चीतून कोणीतरी कळवळून ओरडले.

मी ताठ बसलो. दवाखाना दातांचा असला तरी एखाद्या सज्जनाला माझ्या पोक काढून बसण्याची काळजी वाटली असावी, असे समजून मी आभारही मानले.

"तुमचा नाही हो, त्याचा! मोडतोय तो!"

'तो' म्हणजे माझ्या हातातला अंक. ओरडणारा गृहस्थ तिशीचा असेल. गाल सुजलेला होता, पण डोळ्यांतले पाणी त्या गालासाठी नव्हते. अंकाची जी बाजू दोन पिनांनी शिवलेली असते तिला कणा म्हणतात, तिथे प्रत्येक घडीबरोबर एक पांढरी रेघ उमटते आणि प्रत्येक रेघेला गुण कापले जातात, हे त्याने मला लहान मुलाला समजवावे तसे समजावले. मग परवानगी न विचारता त्याने अंक माझ्या हातातून काढून घेतला, दोन्ही तळहातांवर आडवा धरला आणि पंचनाम्याला सुरुवात केली.

"अकरा रेघा. खालची पिन गंजलेली. कोपरा गेलेला. आणि हा गोल डाग कसला?"

"कपाचा."

"कप कोणाचा?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे मला अजूनही सुचलेले नाही. मी गप्प राहिलो आणि आरोपीने गप्प राहावे तसा दोषी दिसलो.

"काका, याला दीड मिळेल. फार तर दोन."

दहापैकी. अमेरिकेत २००० सालापासून अंकांना असे गुण देणारी एक कंपनी आहे आणि तिची मोजपट्टी अर्ध्यापासून दहापर्यंत जाते. परीक्षा झाली की अंक कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात आणि वर गुणांची चिठ्ठी लावतात. त्यानंतर मुखपृष्ठ पाहता येते, मलपृष्ठ पाहता येते. आत काय घडते ते मात्र पाहता येत नाही, कारण पेटी फोडली की गुण गेले. या गृहस्थाकडे अशा चाळीस पेट्या होत्या. त्यांतले किती अंक त्याने वाचले आहेत, असे मी विचारले तेव्हा, आपण दागिने चावून पाहता का, असे कोणी विचारल्यासारखा त्याने माझ्याकडे पाहिले.

आता मलाही थोडाफार इतिहास ठाऊक आहे, आणि दाढ ठणकत असताना माणूस वादाला लवकर तयार होतो. मी त्याला म्हणालो की, १९३८ साली सुपरमॅन ज्या अंकातून प्रथम अवतरला तो दहा सेंटला मिळत होता. मुलांनी तो खिशात कोंबला, मित्रांना दिला, फाडला आणि युद्धाच्या काळात रद्दीच्या मोहिमेत देऊनही टाकला. म्हणून तो आज दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याची किंमत डोळे पांढरे करणारी आहे. याउलट १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून, आत दंडावर बांधायची शोकाची फीत घालून विकला गेला. लाखो लोकांनी तो पुढेमागे श्रीमंत होऊ या आशेने पिशवी न फोडता जपला आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे आज त्याला कोणी विचारत नाही. सुपरमॅनही वर्षभराच्या आत परत आला, ते वेगळेच. तात्पर्य, वाचणाऱ्यांनीच किंमत वाढवली. माझे हे थुंकी लावलेले बोट तुमच्या चाळीस पेट्यांचे मोल वाढवत आहे, तेव्हा आभार तुम्ही माझे मानायला हवेत.

तो बराच वेळ विचारात पडला. हिशेब त्याला पटलेला दिसत होता.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "पण काका, माझ्यासमोर नको."

इथे प्रकरण मिटायला हवे होते. पण हरलेला संग्राहक परीक्षक होतो, हा या जमातीचा जुना स्वभाव आहे. "सुपरमॅन उडायला कधी लागला?" त्याने एकदम विचारले. मी म्हणालो, पहिल्यापासून. त्याने समाधानाने डोळे मिटले. पहिल्या अंकात सुपरमॅन उडत नव्हता, उड्या मारत होता, त्याही एकअष्टमांश मैलाच्या. उडणे पुढे काही वर्षांनी आले. घरी आल्यावर मी शोधून पाहिले. तो बरोबर होता, आणि या सगळ्या प्रकरणात मला क्षमा न करता येण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे.

एरवी या मंडळींचे प्रेम मला कळत नाही असे नाही. त्याची भीती मात्र वाटते. १९८८ साली बॅटमॅनचा साथीदार रॉबिन याने जगावे की मरावे, हे प्रकाशकाने वाचकांना फोन करून ठरवायला सांगितले. ५,२७१ जण म्हणाले, जगू दे. ५,३४३ जण म्हणाले, मरू दे. बहात्तर मतांनी पोरगे गेले, आणि तेही प्रत्येक फोनला पदरचे पैसे मोजून. ज्या पंथात असे लोक आहेत, तिथे माझ्या बोटावरील थुंकीचा एवढा गवगवा का व्हावा?

आमचा संवाद समोर बसलेले एक वयस्कर गृहस्थ ऐकत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि प्रेमळपणे विचारले, "नातवाचं पुस्तक वाटतं?" म्हणजे एकाच्या मते माझे हे वाचण्याचे वय राहिले नव्हते आणि दुसऱ्याच्या मते माझी वाचण्याची लायकी नव्हती. यातला पहिला आरोप मला पाठ आहे. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्सने मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. जगभरच्या वडीलधाऱ्यांना ते पुस्तक न वाचताच पाठ असावे, असे माझ्या लहानपणावरून मला वाटते. आम्ही हे अंक भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचले, पांघरुणात शिरून वाचले, पकडले गेल्यावर ते आमच्या डोळ्यांदेखत फाडले गेले आणि फाटलेले तुकडे जुळवून शेवट काय झाला ते आम्ही पाहिले. हे सारे सोसले ते काय, पुढे कोणी ते पेटीत बंद करून भिंतीला लावावेत म्हणून? वाचू नको असे सांगणारे तेव्हा निदान आमच्या बाजूचे असल्याचे सोंग तरी करत नव्हते.

हे सगळे मला त्याला सुनवायचे होते. पण तेवढ्यात माझे नाव पुकारले गेले. गडबडीत अंक त्याच्याच हातात राहिला.

अर्ध्या तासाने बाहेर आलो तेव्हा माझी अर्धी जीभ आणि एक गाल भुलीच्या इंजेक्शनाने माझ्या ताब्यात उरले नव्हते. तो उभा होता. माझा अंक त्याने आपल्या बॅगेतल्या एका पातळ पारदर्शक पिशवीत घातला होता, मागे पांढराशुभ्र पुठ्ठा सरकवला होता आणि तोंड चिकटपट्टीने बंद केले होते. "पुठ्ठा आम्लविरहित आहे," तो हळुवारपणे म्हणाला. "उघडताना फक्त पट्टीचा चिकट भाग मुखपृष्ठाला लागू देऊ नका. लागला, की संपलं."

खुर्चीत आ वासून पडल्या पडल्या मी एक अत्यंत धारदार वाक्य तयार केले होते. ते मी पूर्ण ताकदीने उच्चारले. बाहेर पडलेल्या आवाजात एकही व्यंजन नव्हते आणि थोडी लाळ होती. ती पिशवीवर पडली.

"आभार कसले, काका," तो गहिवरून म्हणाला आणि रुमालाने पिशवी पुसून त्याने ती माझ्या हातात दिली.

अंकाची शेवटची चार पाने वाचायची राहिली आहेत. परवापासून दोनदा मी ती चिकटपट्टी नखाने उचलून पाहिली आणि दोन्ही वेळा, माझाच मला राग येत असतानाही, हळूच पुन्हा दाबून बसवली.