आधी सीसी, मग टर्बो? एका फॉरवर्डची उलटतपासणी

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. बोअरिंग, होनिंग, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग ही रोजची कामं, म्हणून गाडीवेड्या पोरांना असं काही दिसलं की ते आधी माझ्याकडे येतं. मेसेजचा मथळा आहे 'सीसीला पर्याय नाही'. सीसी म्हणजे सिलिंडरांची एकूण जागा, आणि टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. आतला मजकूर थोडक्यात असा: टर्बो गाडीची पॉवर वाढवायची तर पहिलं काम इंजिन मोठं करण्याचं. १.८ चं २.० केलं की पॉवर दुप्पट. पोर्शेनेही हेच केलं. ब्लॉक बोअर करा (सिलिंडर कापून रुंद करा), मोठा क्रँक (पिस्टनची धाव ठरवणारा दांडा) आणि ओव्हरसाइझ पिस्टन टाका, झालं. बाकीचं रिमॅपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून, सांभाळलं जातं. आरटीओला काही कळत नाही. आणि लॅग, म्हणजे टर्बो जागा व्हायला लागणारा उशीर, संपतो.

उदाहरणाला त्यांनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ टर्बो इंजिन घेतलंय. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर आमच्या टपरीवर तर्री-पोहे संपेपर्यंत वाद चालतो, पण इंजिन चांगलं आहे आणि त्याची मापं मला पाठ आहेत. म्हणून त्याच्यावरच बोलू.

'पॉवर दुप्पट' या दाव्याला गणितच पुरतं. मूळ बोअर (सिलिंडरची रुंदी) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६.४ मिमी, एकूण १७८१ सीसी. ९२.८ मिमी स्ट्रोकचा क्रँक आणि ८२.५ मिमीचे पिस्टन टाकले की १९८४ सीसी होतात. वाढ झाली २०३ सीसी, म्हणजे ११.४ टक्के. बूस्ट (टर्बोचा जादा दाब) तोच आणि वरच्या हेडचा श्वास तेवढाच राहिला, तर १५० हॉर्सपॉवरची फार तर १६७ होईल. तेही कागदावर. कंपनीचा छोटा टर्बो दोनशेच्या आसपास दम टाकतो. इंजिन मोठं झालं की तो त्या मर्यादेला आणखी कमी आरपीएमवर पोचतो, बस.

आता दुसरीकडून पाहा. याच गाडीचा मूळ बूस्ट साधारण अर्धा बार, म्हणजे वातावरणाचा धरून दीड बार. तो पाऊण बार केला की पावणेदोन होतो. हवेचा दाब जवळजवळ १७ टक्के वाढला, आणि इंजिन उघडलंही नाही. लाखांत जाणारं क्रँक-पिस्टनचं काम जेवढं देतं, त्याहून जास्त पाव बार बूस्ट देतो. त्या जादा दाबाने हवा तापते, म्हणून पूर्ण १७ टक्के पदरात पडत नाहीत हे खरं. पण मग प्रश्न हवा थंड करण्याचा झाला. सीसीचा राहिला कुठे?

इंजिन शेवटी हवा जाळतं. माझा जुना ठोकताळा असा, की १० हॉर्सपॉवरला दर मिनिटाला साधारण ४५० ग्रॅम हवा लागते. तीनशे पाहिजेत तर मिनिटाला साडेतेरा किलो. ती दोन लिटरच्या इंजिनातून नेली काय आणि दीड लिटरच्या काय, वजन तेवढंच. फॉर्म्युला वनवाल्यांना हे १९६६ पासूनच्या नियमांतच लिहून दिलेलं होतं: बिनटर्बोचं इंजिन तीन लिटर, सुपरचार्ज किंवा टर्बो असेल तर दीड लिटर. बीएमडब्ल्यूचं १.५ लिटर चार सिलिंडरचं टर्बो इंजिन १९८३ मध्ये नेल्सन पिकेला विश्वविजेता करून गेलं, आणि त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनाच्या घराण्यातला होता. आजची मर्सिडीज-एएमजीची दोन लिटरची एम१३९ मोटर १९९१ सीसीत ४२१ हॉर्सपॉवर काढते, वॉरंटीसकट.

पोर्शेचा दाखला अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं फार लवकर पसरतं. ९११ टर्बो १९७५ ला तीन लिटरची आली तेव्हा तिची पॉवर २६० होती. १९७८ ला ३.३ लिटर झाली आणि पॉवर ३०० वर गेली. सीसी १० टक्के वाढले, पॉवर १५ टक्के. मधले पाच टक्के कुठून आले? त्याच वर्षी तिला इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर, बसला. मागचा तो चहाच्या ट्रेसारखा पंख त्याच्यासाठीच उचलून मोठा केला होता. ब्रेकही बदलले, रेसच्या ९१७ वरून घेतलेले. म्हणजे पोर्शेने सीसी वाढवले ते हवा थंड करण्याची आणि गाडी थांबवण्याची सोय करत करत. फॉरवर्डमध्ये यातलं फक्त सीसी उरलंय.

'ब्लॉक बोअर करा, झालं.' हे वाक्य लिहिणाऱ्याने बोअर गेज कधी हातात धरलेला नसावा.

८१ चं ८३ केलं तर सीसी पाच टक्के वाढतात. त्या पाच टक्क्यांसाठी सिलिंडरच्या भिंतीतून सगळीकडून एक मिमी बीड (ओतीव लोखंड) जातं. ओतकामात कोअर (साच्यातला गाभा) किंचित सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत आधीच पातळ असते. बूस्टखाली ती फुगते, बोअर गोल राहत नाही, रिंगा बसत नाहीत, तेल जळायला लागतं. म्हणून टर्बोच्या ब्लॉकला आधी अल्ट्रासोनिकने भिंत मोजायची आणि मग कटर लावायचा. होनिंग करताना (बोअर घासून नेमक्या मापाला आणताना) वरून हेडच्या जागी टॉर्क प्लेट आवळायची, कारण हेडचे बोल्ट कसले की बोअर आकार बदलतो. प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड चढल्यावर गोल राहत नाही. स्कूटरच्या कामात हे चालून जातं, इथे नाही.

मोठा क्रँक तर याहून मोठी कटकट. हेड तेच आणि पिस्टनच्या माथ्याचा आकारही तोच ठेवून स्ट्रोक वाढवला तर कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, आपोआप चढतं. मूळ रेशो ९.५ धरा. प्रत्येक सिलिंडरच्या वर ५२ सीसीची जागा उरते. खालून ४४५ ऐवजी ४९६ सीसी त्याच जागेत दाबले की रेशो साडेदहाच्या घरात जातो. वर टर्बोचा बूस्ट. पेट्रोल पेटायची वेळ तुम्ही ठरवायची की त्याने, असा प्रश्न येतो. साडेआठचा रेशो हवा तर पिस्टनच्या माथ्यात आणखी १४ सीसीची वाटी लागते, म्हणजे बाजारात तयार मिळणारा पिस्टन चालत नाही, मागवावा लागतो. पिस्टनला क्रँकशी जोडणारा मूळ १४४ मिमीचा रॉड ठेवला तर रॉड आणि स्ट्रोकचं गुणोत्तर १.६७ वरून १.५५ वर येतं. रॉड जास्त तिरका होतो, पिस्टन भिंतीला जास्त रेटतो. सात हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.२ मीटरवरून २१.७ वर जातो आणि वरच्या टोकाला रॉडवर येणारी ओढ नऊ टक्क्यांनी वाढते.

फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या पिस्टनचं एक सांगून ठेवतो, कारण यावरून दर वर्षी कोणीतरी माझ्याशी भांडतं. २६१८ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून जास्त मोकळीक ठेवावी लागते. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टकटक येते. पाच मिनिटांत जाते. मालक तेवढ्यात गाडी बंद करून फोन करतो, "काका, इंजिन गेलं." रिंगच्या तोंडाशी ठेवायची फटही टर्बोत जास्त लागते, बोअरच्या दर १०० मिमीला अर्धा मिमी या हिशोबाने. कमी ठेवली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, आणि पुढचा घाव पिस्टनवर.

आता 'बाकीचं रिमॅपमध्ये सांभाळलं जातं'. हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा आहे, आणि नागपुरात दुप्पट घातक.

टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. एक बार बूस्ट आणि ७० टक्के कार्यक्षमतेचा टर्बो धरला, तर जानेवारीतल्या पहाटेची १२ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडते ती १०० अंशांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांची हवा आत गेली तर बाहेर १४५. इंटरकूलरने यातली ७० टक्के वाढ काढून घेतली असं समजा, तरी इंजिनात शिरणारी हवा जानेवारीत ३९ अंश आणि मे मध्ये ७५ अंश. हवेचं वजन दहा टक्क्यांहून थोडं जास्तच घटलं. मघाशी दोन लिटर करून मिळवलेले ११.४ टक्के आठवतात? ते जवळजवळ सगळे नागपूरच्या उन्हाने एका ऋतूत परत घेतले. आणि हा हिशोब मोकळ्या हवेचा आहे. सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ४५ अंश कोण देतो!

पॉवर कमी झाली एवढ्यावर भागलं असतं तर कोणी तक्रार केली नसती. ७५ अंशांची हवा नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल आपोआप स्फोटासारखं पेटण्याला, आमंत्रण देते. नॉक सेन्सर ऐकतो तो होऊन गेलेला नॉक; ऐकल्यावर कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. तीन-चार स्फोट तोवर झालेले असतात.

गेल्या मे महिन्यात त्रिमूर्तीनगरचा एक पोरगा टो करून गाडी घेऊन आला. इंजिन मूळ सीसीचंच, दुसऱ्या शहरातल्या एका ट्यूनरने जानेवारीत रिमॅप केलेलं. चार महिने गाडी पळाली. मग भर दुपारी समृद्धीवर एक लांब ओढ दिली आणि मागून निळा धूर. हेड काढलं, पिस्टन बाहेर काढले, तर तिसऱ्याच्या दोन रिंगांमधला काठ तुटून पडलेला. रिमॅपची फाइल वाचून घेतली तेव्हा कळलं, की हवा तापली की टायमिंग मागे घेण्याचा जो तक्ता असतो, तोच बोथट करून ठेवला होता. थंडीतल्या आकड्यांवर पोरगा खूश झाला होता ना.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर ई२० आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, सिलिंडर थंडही ठेवतं, टर्बोवाल्यांना ते वाईट नाही. (ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) पण शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो; ई२० ला साडेतेराच्या आसपास. तीनशे हॉर्सपॉवरला मिनिटाला दीड लिटरहून जास्त पेट्रोल जातं, ई२० असलं की त्यावर सात टक्के आणखी. चार इंजेक्टरना वाटून, थोडा श्वास राखून, प्रत्येकी मिनिटाला ५०० सीसीचा इंजेक्टर हवा आणि तेवढा दाब टिकवणारा पंप. छोट्या इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल काढायला लॅपटॉप पुरत नाही.

आरटीओचं दोन ओळीत. आरसीवर सीसी आणि इंजिन नंबर छापलेले असतात, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीचा सर्व्हेअर अपघातानंतर काय काय उघडून बघतो, ते ज्याने अनुभवलंय त्याला विचारा.

राहिला लॅग. इथे मेसेज बरोबर आहे, आणि हा एकच मुद्दा आहे ज्यासाठी मी स्वतः इंजिन मोठं करीन. ११ टक्के मोठं इंजिन त्याच आरपीएमला ११ टक्के जास्त धूर टर्बाइनवर सोडतं. मोठा टर्बो चार हजारला जागा होत असेल तर साधारण तीन हजार सहाशेला होईल. ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना हा फरक पायाला कळतो. पण याची दुसरी बाजू मेसेजवाल्याने लपवली नसेल, त्याला ती माहीतच नसेल. रॉड वाकतात ते बहुतेक वेळा आरपीएमने नाही, खालच्या आरपीएमला अचानक आलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने. लॅग कमी केला म्हणजे तोच टॉर्क खाली आणला. मूळचे बारीक रॉड तसेच ठेवले तर त्यांच्यावर, आणि रॉड बदलले तर गिअरबॉक्सवर. या गाडीचा पाच गिअरचा डबा साधारण २५० न्यूटन-मीटरसाठी बनलेला आहे. मूळ टॉर्कच २१० आहे.

म्हणून माझ्याकडे जो क्रम आहे त्यात आधी इंटरकूलर, पेट्रोलचा पुरवठा आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा एक वाइडबँड मीटर. मग मे महिन्यात केलेलं ट्यूनिंग, जानेवारीत नाही. मग रॉड आणि क्लच. मोठा टर्बो बसला, गाडी ट्रॅकसाठीच आहे आणि टर्बो उशिरा जागा होतोय अशी खरी तक्रार उरली, तर क्रँक.

त्रिमूर्तीनगरच्या पोराने हे सगळं स्टुलावर बसून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "काका, मंग सीसी वाढवाची का नाई?"

त्याचा ब्लॉक मोजून झालाय. बाकीचे तीन सिलिंडर ठीक आहेत, तिसऱ्या नंबरच्यात तुटलेल्या काठाने ओरखडे काढलेत. ८१.५ ला चारही साफ होतील. पिस्टन मागवले आहेत, आणि इंजिन नसलेल्या गाडीला इंटरकूलर आधीच बसून तयार आहे. सीसी वाढणार आहेत. बावीस.