33 पायऱ्यांची शिडी? फ्रीमेसन लॉजमधल्या पदांबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. तो फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या शाखांबद्दल, म्हणजे ‘लॉज’बद्दल असतो. त्याचं सार असं: फ्रीमेसन लॉज म्हणजे 33 पायऱ्यांची शिडी, वरचा हुकूम सोडतो, खालचा पाळतो, पद एकदा मिळालं की सत्ता कायमची, पदव्या पैशाने मिळतात आणि त्या दाखवून बाहेर कामं करून घेतात.

आधी 33 चं पाहू. लॉजमध्ये डिग्र्या, म्हणजे सभासदत्वाच्या पायऱ्या, तीनच: एन्टर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. त्यापुढे लॉजकडे द्यायला डिग्री नाही. 33 हा आकडा ‘स्कॉटिश राइट’ या वेगळ्या संस्थेचा. तिची पहिली सुप्रीम कौन्सिल 1801 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनला स्थापन झाली, लंडनच्या ग्रँड लॉजनंतर (ग्रँड लॉज म्हणजे लॉजांची शिखर संस्था) 84 वर्षांनी. तिथे जायचं की नाही, ज्याची त्याची मर्जी. 33वी डिग्री घेतलेला गृहस्थ लॉजच्या सभेत आला तरी सभा चालवणार खुर्चीतला मास्टरच (म्हणजे लॉजचा त्या वर्षीचा अध्यक्ष), मग तो वयाने निम्मा का असेना.

हुकमाचं म्हणाल तर मास्टरचा हातोडा सभेपुरता. कोण कधी बोलणार, कुठला विषय आधी, हे तो ठरवतो. ठराव बहुमताने होतो; समसमान मतं पडली तरच त्याचं निर्णायक मत. धर्म आणि राजकारण यांवर लॉजमध्ये चर्चेलाच बंदी आहे, तेव्हा ‘अमक्याला मत द्या’ हा आदेश निघणार कुठून?

‘कायमची सत्ता’ हा दावा सर्वांत फसवा. मास्टर दरवर्षी गुप्त मतदानाने निवडला जातो. इंग्रजी पद्धतीच्या लॉजमधला पदांचा नेहमीचा क्रम असा: स्टुअर्ड, इनर गार्ड, ज्युनियर डीकन, सीनियर डीकन, ज्युनियर वॉर्डन, सीनियर वॉर्डन. एकेक वर्ष धरलं तर सातव्या वर्षी मास्टरची खुर्ची. पदाची खूण म्हणजे गळ्यातला पट्टा, कॉलर: ज्युनियर वॉर्डनच्या कॉलरला ओळंबा, सीनियरच्या पाणसळ, मास्टरच्या गुण्या; सगळी गवंड्याची हत्यारं. वर्ष संपलं की तीच कॉलर पुढच्याच्या गळ्यात. मागे उरतो ‘पास्ट मास्टर’ हा मान. लॉजच्या मतदानात त्याचं मत एकच.

दुखणं खरं तर या क्रमातच आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ते दिसलेलंच नाही. मास्टर किंवा वॉर्डन ज्येष्ठतेने नव्हे, गुणांवर निवडावा, असं जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या फ्रीमेसनांच्या 1723 च्या नियमपुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्यक्षात रांग लागते आणि रांगेत उभा राहिलेला खुर्ची हक्काची समजतो. हजेरी रोडावली की मधली पदं रिकामी राहतात, कोणीतरी दोन पायऱ्या उडी मारून वर येतो, विधीचं पाठांतर कच्चं राहतं, आणि मग बाजूला बसलेले पास्ट मास्टर कुजबुजत वाक्यं पुरवतात. सभा कोण चालवतंय ते सगळ्यांना कळतं. कच्च्या माणसाला त्याच पदावर आणखी एक वर्ष ठेवणं हा सोपा उपाय आहे. पण त्याला वाईट वाटेल म्हणून कोणी करत नाही.

पैशाबद्दल. प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, सभेत घालायच्या एप्रनचा खर्च आहेच. पण इंग्रजी नियमांनुसार दोन डिग्र्यांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात आणि ठरावीक प्रश्नांची उत्तरं लॉजपुढे तोंडपाठ द्यावी लागतात. कॉलर तर ऑनलाइनही मिळते. ती घालून अनोळखी लॉजच्या दारात उभं राहिलात तर ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र मागतील, वर प्रश्न विचारतील. मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे ते ग्रँड लॉजच्या मानद हुद्द्यांबाबत. ते निवडणुकीने नव्हे, नेमणुकीने मिळतात. एप्रनची फिकट निळी कडा गडद निळी (म्हणजे अशा हुद्द्याची) व्हावी म्हणून धुसफूस होते. ती आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

उलट बाजूचे, म्हणजे लॉजचे समर्थक ‘आत सगळे समान’ म्हणतात तेही सरसकट घेऊ नका. मुंबईत भारतीयांना लॉजची दारं बंद होती म्हणून तर 1843 मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं; मुंबईचे पारशी गृहस्थ मानेकजी कर्सेटजी त्याच्या पहिल्या सभासदांपैकी. त्यांना आधी प्रवेशासाठी परदेशी खटपट करावी लागली होती.

शेवटचा मुद्दा, पदवी दाखवून कामं. प्रवेश घेताना उमेदवार जाहीर करतो की आपण आर्थिक लाभाच्या हेतूने आलेलो नाही. सोसायटीच्या टेंडरसाठी कोणी ‘मी पास्ट मास्टर’ म्हणत पुढे आला तर तो स्वतःचीच शपथ मोडतो आहे. त्याला लॉजचं नाव विचारा आणि तिथल्या सेक्रेटरीला लेखी कळवा. तिथे दाद लागली नाही तर ग्रँड लॉज ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं कार्यालय फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये आहे, सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगं. टेंडर मात्र दरपत्रक बघूनच द्या.