जिटर कमी म्हणजे घड्याळ बरोबर, हे खपवून घेणे आता बंद करा

सर्व्हरच्या घड्याळांचा अहवाल समोर येतो, त्यात प्रत्येक यंत्रापुढे सरासरी ऑफसेटचा, म्हणजे संदर्भ वेळेपासूनच्या फरकाचा, एकच आकडा असतो, तो शून्याच्या आसपास असला की त्याला हिरवा रंग दिलेला असतो, आणि त्या रंगाच्या आधारावर वेळ अचूक असल्याची ग्वाही दिली जाते. या प्रकाराचा मला मनस्वी संताप येतो. एका मोजणीत घड्याळ ४० मिलिसेकंद पुढे आणि पुढच्या मोजणीत तेवढेच मागे असले, तरी सरासरी शून्यच येते. ज्या आकड्यात पुढची आणि मागची चूक एकमेकींना खाऊन टाकतात, तो आकडा अचूकतेचा पुरावा म्हणून देणे ही निव्वळ बेपर्वाई आहे, आणि ती करणारी मंडळी याच कामाचे पैसे घेतात.

यावर आक्षेप घेतला की जिटरचा आकडा पुढे केला जातो. "जिटर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आहे, मग तक्रार कसली?" हा प्रश्न बैठकीत विचारला जातो, आणि समोरचे सगळे मान डोलावतात. जिटर म्हणजे एकापाठोपाठच्या मोजण्या आपापसांत किती विखुरल्या आहेत, एवढेच. त्या सगळ्या मिळून खऱ्या वेळेपासून किती दूर आहेत, याविषयी तो आकडा चकार शब्द काढत नाही. नेम सतत एकाच चुकीच्या जागी लागत असेल, तर तो नेम चांगला आहे असे कोणी म्हणत नाही. घड्याळाच्या बाबतीत मात्र ते बिनदिक्कत म्हटले जाते.

ही काही गूढ विद्या नाही. डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची एनटीपी ही पद्धत १९८५ साली आरएफसी ९५८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली, आणि चौथ्या आवृत्तीचे सविस्तर वर्णन २०१० सालच्या आरएफसी ५९०५ मध्ये आहे. क्लायंट, म्हणजे वेळ विचारणारे यंत्र, विचारणा पाठवल्याची वेळ नोंदवतो, सर्व्हर ती मिळाल्याची आणि उत्तर धाडल्याची वेळ नोंदवतो, उत्तर पोहोचल्याची वेळ क्लायंट नोंदवतो, आणि या चार नोंदींवरून ऑफसेट काढला जातो. हे गणित जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच आहे असे धरून चालते. जाताना १० मिलिसेकंद आणि येताना ५० मिलिसेकंद लागत असतील, तर दोन्ही घड्याळे तंतोतंत जुळलेली असतानाही २० मिलिसेकंदांचा ऑफसेट दिसतो. क्लायंट इमानदारीने तो 'दुरुस्त' करतो, स्वतःचे घड्याळ २० मिलिसेकंद चुकवतो, आणि त्यानंतर शून्य ऑफसेट दाखवत बसतो. ही तफावत कायम असेल तर जिटरही छान दिसतो. जाणारी वाहतूक एका कंपनीच्या लाइनवरून आणि येणारी दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून, अशी रचना आपल्याकडे कितीतरी कार्यालयांत आहे. म्हणजे ही चूक अपवादात्मक नाही, आणि अहवालात ती कधीच दिसणार नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. एनटीपीची स्थिती दाखवणारी एनटीपीक्यू ही आज्ञा डिले (विचारणा-उत्तराच्या फेरीला लागणारा वेळ), ऑफसेट आणि जिटर असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापते. रात्री बॅकअप सुरू झाला, एका दिशेच्या रांगेत पॅकेटे तुंबली आणि डिले २० मिलिसेकंदांनी वाढला, की ऑफसेट १० मिलिसेकंदांपर्यंत सरकतो. इथे घड्याळ जागचे हललेले नसते, नेटवर्क तुंबलेले असते. उलट डिले स्थिर आहे आणि ऑफसेट हळूहळू एकाच दिशेने सरकतो आहे, असे असेल तर घड्याळाला गती देणाऱ्या स्फटिकाची वारंवारिता बदलली आहे आणि सर्व्हर रूमचे तापमान तपासायला हवे. हे दोन आजार वेगळे आहेत, त्यांचे उपचार वेगळे आहेत, आणि ओळखण्यासाठी ऑफसेट डिलेसमोर मांडलेला एक साधा आलेख पुरतो. तरीही डिलेचा स्तंभ अहवालातून गाळला जातो आणि प्रत्येक वेळी "सेवा रीस्टार्ट करा" असे उत्तर मिळते. रीस्टार्टने मोजणीचा इतिहास पुसला जातो. आठ नमुन्यांतून सर्वांत कमी डिलेचा नमुना निवडणारी गाळणीही रिकामी होते, आणि निदानाची उरलीसुरली शक्यता संपते.

वारंवारितेतली १ पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत एका भागाची, चूक दिवसाला ८६.४ मिलिसेकंद होते. दोन मोजण्यांमधले अंतर १०२४ सेकंद असेल आणि त्या काळात स्फटिक १० पीपीएमने भरकटला, तर पुढच्या मोजणीपर्यंत सुमारे १० मिलिसेकंद हातचे गेलेले असतात. हे हिशेब शाळकरी मुलाला जमतील, आणि तरीही ते कोणी मांडत नाही.

सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी घड्याळे जोडायला सांगितले, ते योग्यच केले. कार्यालयांनी मात्र त्याचा अर्थ कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नाव लिहून स्क्रीनशॉट जोडणे एवढाच घेतला. युरोपातील वित्तीय बाजारांत २०१८ पासून लागू असलेल्या मिफिड-२ च्या नियमांत उच्च-वारंवारितेच्या अल्गोरिदमिक व्यवहारांसाठी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासून कमाल १०० मायक्रोसेकंदांचीच तफावत चालते, आणि तिथे मर्यादा सरासरीवर नव्हे, कमाल तफावतीवर आहे. आपल्या लेखापरीक्षकांनी कमाल तफावत किती, एवढा एक प्रश्न विचारला तरी यातले बहुतेक हिरवे रंग उतरतील.

त्यामुळे यापुढे माझ्याकडे येणाऱ्या अहवालात कमाल चुकीची सीमा मी मागणारच: ऑफसेटचे मूल्य (अधिक-उणे चिन्ह सोडून), त्यात मूळ स्रोतापर्यंतच्या एकूण डिलेचा निम्मा भाग आणि साचत आलेले डिस्पर्शन, म्हणजे मोजणीतली अनिश्चितता, मिळवून, प्रत्येक यंत्रासाठी, सर्वांत वाईट क्षणाची. क्रोनी हा घड्याळे जुळवणारा प्रोग्राम हे सारे घटक एकाच आज्ञेत दाखवतो, तेव्हा माहिती मिळत नाही ही सबब चालणार नाही. सोबत जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे आहेत का, हे लेखी हवे, आणि किमान चार स्वतंत्र स्रोत हवेत, कारण एकच सर्व्हर खोटा निघाला तर बहुमताने त्याला बाजूला काढता आले पाहिजे. हे नसलेला अहवाल मी सही न करता परत पाठवेन.