दोरी काढली, पाय बांधले

सोलापूरकराला हद्द ओलांडून दिवसात परत येणं नवं नाही. सकाळी विजापूर गाठायचं, गोलघुमटात घसा बसेस्तोवर ओरडायचं, रात्री जेवायला घरी. त्यामुळं म्युनिकमधला भाचा म्हणाला, "मामा, उद्या ऑस्ट्रियात स्नोबोर्डिंग करून येऊ," तेव्हा मी निर्धास्त होतो. स्नोबोर्डिंग म्हणजे एका फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरणं. म्युनिक ते ऑस्ट्रियातलं कुफस्टाइन हे अंतरही जवळपास सोलापूर-विजापूरएवढंच. आमचा टॉवेलचा धंदा. जानेवारीत फ्रँकफुर्टच्या हेमटेक्स्टिल प्रदर्शनात माल मांडून झाला होता आणि रविवार मोकळा होता.

जाताना हद्द कळलीसुद्धा नाही. निळी पाटी आली आणि गेली.

भाड्याचे बूट आवळून उभा राहतोय, तोच भाच्यानं मागून ढकललं. कुठला पाय आपसूक पुढं पडतो ते बघायची ही पद्धत म्हणे. डावा पडला तर रेग्युलर, उजवा पडला तर गूफी. माझा उजवा. उजव्या पायानं माप ओलांडायला लावणाऱ्या घरातून आलेल्याचं दुसरं काय होणार!

1965 साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, शर्मन पॉपन नावाच्या गृहस्थानं पोरींसाठी दोन स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या पायाखालच्या पट्ट्या, एकमेकींना जोडल्या. त्यातून जी फळी बाजारात आली, तिच्या नाकाला धरायला दोरी होती आणि पाय मोकळे होते. पुढच्या मंडळींनी सुधारणा केली. दोरी काढली, पाय बांधले.

तोंड एकीकडं, जाणं दुसरीकडं. उताराकडची कड जरा बर्फात टेकली की फळी जागीच अडते आणि वरचा माणूस पुढं निघून जातो. मागं गेलात तर माकडहाड, पुढं गेलात तर गुडघे. उठायचं तर आधी पालथं व्हायचं आणि गुडघ्यांवर यायचं. स्कीवाल्यांच्या हातात काठ्या तरी असतात. बालवाडीतली वाटावीत अशी पोरं शेजारून सुळकन जात होती. एक तर थांबून माझं पालथं होणं शेवटपर्यंत बघत राहिली.

पण खरा छळ लिफ्टचा. वरच्या तारेवरून एक दांडा येतो, त्याच्या टोकाला बशीएवढी चकती. ती मांड्यांमध्ये अडकवायची, मागचा पाय सोडवून फळीवर नुसता टेकवायचा आणि यंत्र ओढेल तसं वर जायचं. चकतीवर बसायचं नसतं, हे बसल्यावर सांगतात. मी आडवा झालो, चकती एकटीच वर गेली. मागच्या रांगेतून जर्मनमध्ये काहीतरी आलं. भाच्यानं त्याचा अर्थ सांगायचं टाळलं.

दुपारी थोरल्या भावाचा व्हिडिओ कॉल, थेट सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतून, गड्ड्यातून. मागं पाळणे फिरत होते.

"काय बे, पडायचे पैसे किती घेतले?"

आकडा सांगितला.

"तेवढ्यात इथं अख्खी गल्ली पाळण्यात बसली असती की!"

मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होतो. दिवसभरात माझ्याजवळची न दुखावलेली वस्तू तेवढीच.

परतताना मात्र हद्द लागली. किफर्सफेल्डनला जर्मन पोलीस गाड्या तपासत होते. पासपोर्ट बघून झाला, मग चटणीच्या लाल पुडीवर बॅटरी पडली. खाली उतरा, अशी खूण झाली. मी एक पाय बाहेर काढला, दुसरा काही निघेना. त्यानं बॅटरी माझ्या गुडघ्यांवर धरली.

"स्नोबोर्ड?"

मी मान हलवली. तेवढीच हलत होती. त्यानं पुडी माझ्या मांडीवर ठेवली, पाय उचलून आत घातला आणि दार लावून घेतलं.