हो, पैसा सरकारचाच होता, पण…

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटली, निदान अर्धी तरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने 'स्वतःच्या बळावर', गावाच्याच साधनांनी पाण्याचा प्रश्न सोडवला असं मी पोस्टमध्ये लिहिलं, तो माझा भाबडेपणा आहे, कामं सगळी सरकारी पैशातून झाली, आणि टिकली ती १९८९ ला सरपंच झालेल्या एकट्या पोपटराव पवारांमुळे, मग तसा माणूस बाकीच्या गावांनी आणायचा कुठून?

पैशाचं आधी मान्य करून टाकतो. पोस्टमध्ये मी 'कुणापुढे हात न पसरता' असं लिहून गेलो, ते चुकलंच. रोजगार हमीचा पैसा होता, १९९४ ला गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आलं, तिचाही होता. पण दादा, रोजगार हमी काय एकट्या हिवऱ्याला होती का? पाणी अडवायचे चर तर नगर जिल्ह्यात ढिगाने खणले गेले. कुऱ्हाडबंदी (झाडं तोडायची नाहीत), चराईबंदी (गुरं मोकाट चारायची नाहीत) योजनेच्या अटीतच होती, म्हणजे कागदावर सगळ्याच आदर्श गावांना होती. शेतीसाठी बोअर मारायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे मात्र गावाने बसून स्वतःवर लादून घेतलं, आणि मी गावाची साधनं म्हणतो ती हीच.

तिथला पाण्याचा ताळेबंद बघा. पाऊस तसा बेताचाच, साधारण ४०० मिमीच्या आसपास. पावसाळा संपला की किती झाला ते बघायचं, विहिरींची पातळी मोजायची, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पगार झाला की आपण किराणा आणि शाळेची फी आधी बाजूला काढतो ना, तसंच. १९९५ ला दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, २०१० ला ३ उरली. यात नुसत्या चरांचं श्रेय किती आणि या हिशोबाचं किती ते वेगळं काढता येणार नाही, पण हिशोब नसला तर काय होतं ते मी घरचंच सांगतो.

आमच्या गावात चर खणायच्या एका स्पर्धेसाठी अख्खं गाव टिकाव-घमेली घेऊन डोंगरावर होतं, पुण्याची पोरं सुट्टी टाकून आलेली, मीपण होतो, हाताला फोड आले ते फोटो अजून व्हॉट्सॅपवर फिरतात. पाऊस बरा झाला, विहिरी भरल्या, आणि दिवाळीनंतर बोअरची गाडी गावात आली ती आठ दिवस हललीच नाही. ज्याच्या त्याच्या वावरात ऊस. तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर. श्रमदान सगळ्यांचं, पाणी ज्याचा बोअर खोल त्याचं! यात सरकारचा काय दोष सांगा, आणि चराचा तरी काय.

आता एका माणसाचा मुद्दा. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंय, हिवऱ्याचं नाव काढलं की पोपटरावच डोळ्यापुढे येतात, १९८९ पासून. म्हणून गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. तुम्ही म्हणाल तिथेही देवाजी तोफांसारखे पुढारी होतेच की. होते. पण तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, एकाचा जरी नकार असला तरी विषय पुढच्या बैठकीला. वेळ जातो, वैताग येत असणार, पण ठरलेलं मोडायला मग कुणाला तोंड राहत नाही कारण तोपण 'हो' म्हणालेला असतो. २००९ ला १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक पास, म्हणजे माल जंगलाबाहेर न्यायचा परवाना, ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं. म्हणजे सरकारशी भांडणही आलंच. साधनं गावाची असली तरी ती आपली आहेत हे कागदावर आणायला चपला झिजवाव्या लागतात, हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, राहून गेलं.

'बोअरबंदी म्हणजे हुकूमशाही' असंही तुम्ही लिहिलंय. माझा बोअर ३०० फूट, शेजाऱ्याचा ८०० फूट, माझा आटला. हुकूमशाही कुणाची म्हणायची?

असो. यंदा आम्ही चौघांनी वर्गणी काढून शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलाय, सातवीची पोरं रोज सकाळी आकडा फळ्यावर लिहितात. गावातले दोन मोठे बोअरवाले रोज येऊन तो वाचून जातात. अजून बोलत काही नाहीत.