सहकुटुंब मुंबई दर्शन : काही मौलिक सूचना

मुलांना सुट्टी लागली आहे, गावाकडचे पाहुणे आले आहेत आणि राज्याच्या राजधानीत राहूनही आपण पोरांना काहीच दाखवले नाही अशी रुखरुख मनाला लागली आहे, तर पुढील सूचना अवश्य पाळाव्यात.

गेटवे, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, राणीची बाग आणि घारापुरी हे सगळे एकाच दिवसात उरकावे. 1924 साली पूर्ण झालेल्या गेटवेच्या कमानीतून 1948 च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश तुकडी मायदेशी निघाली, असल्या गोष्टी सांगत बसू नये. तेवढ्या वेळात वीस फोटो होतात.

संग्रहालयात मूल एखाद्या मूर्तीपुढे रेंगाळून पाटी वाचू लागले, तर त्याचा दंड धरून पुढे ओढावे.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले, तो आता राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, पेंग्विनची रांग वाढते.

घारापुरीसाठी सोमवार निवडावा. त्या दिवशी लेणी बंद असतात, त्यामुळे निदान लेण्यांचे तरी भले होते. रविवारीच जाणे भाग असेल, तर गेल्या रविवारी तिथे भेटलेल्या एका सद्गृहस्थांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. मोडलेल्या हातापायांचे द्वारपाल पाहून त्यांनी पोर्तुगीजांच्या नावाने यथेच्छ बोटे मोडली, त्या मेल्यांना कलेची कदर नव्हती असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले, आणि लगेच एका खांबाआड जाऊन स्कूटरच्या किल्लीने चिरंजीवांचे नाव कोरायला घेतले. चिरंजीव मोबाईलचा उजेड धरून उभे होते. "बाबा, या देवाला तीन तोंडं का?" असे त्याने तीन पुरुष उंचीच्या महेशमूर्तीकडे पाहत विचारले, तेव्हा "उजेड नीट धर" एवढेच उत्तर त्याला मिळाले. मी हटकले, तर म्हणाले, "काका, एवढ्या मोठ्या लेण्यात एवढ्याशा नावाने काय होतंय? आधीचीही नावं आहेतच की!" आहेतच. बदाम आहेत, बाण आहेत, गावाच्या नावासकट पूर्ण पत्ते आहेत, म्हणजे सहाव्या शतकात कुणा अनाम कारागिरांनी अखंड कातळ फोडून हे खांब उभे केले ते केवळ तुमच्या कुलदीपकाची हजेरी मांडून ठेवण्यासाठी!

वेफर्सची रिकामी पाकिटे माकडांच्या स्वाधीन करावीत.

आता सूचना पुरे. अहो, संरक्षित स्मारक विद्रूप केले तर 1958 च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, हे प्रवेशद्वारापाशी फलक लावून सांगायची वेळ का यावी? त्या पोराने देवाच्या तीन तोंडांबद्दल विचारले होते. उत्तर ठाऊक नव्हते तर शेजारी गाईड उभा होता, त्याला विचारायचे होते. घरी नव्या रंगाच्या भिंतीवर याच पोराने पेन्सिलीची एक रेघ ओढली, तर पाठीत धपाटा घालाल ना? मग ती किल्ली आधी खिशात घाला, आणि पोराच्या हातून हे काम करून घेताना थोडी तरी शरम बाळगा.